जुन्या मोटारसायकलचा विमा महाग का वाटतो? किंमत 15 हजार, मग हप्ता हजाराचा कशाला?

भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कुठेही गेलं, तरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची स्प्लेंडर, पॅशन किंवा डिस्कव्हर रोजच्या कामात दिसते. शेतावर जायला, धानाची पोती न्यायला, पोरांना शाळेत सोडायला, भंडाऱ्याला तारखेला जायला हीच गाडी. बाजारात विकायला काढली तर जेमतेम पंधरा हजार येतील. विम्याचं नूतनीकरण करायला गेलं की मात्र 850 पासून हजार-बाराशेपर्यंतचा आकडा समोर येतो. तेव्हा मालकाच्या मनात येणारा प्रश्न साधा असतो : गाडीची किंमत दरवर्षी कमी होते, मग विमा कमी का होत नाही?

उत्तरही साधं आहे. या हप्त्यातला सर्वात मोठा भाग गाडीसाठी नसतोच. तो रस्त्यावरच्या समोरच्या माणसासाठी असतो, आणि गाडी जुनी झाली म्हणून समोरच्या माणसाच्या जिवाची किंमत कमी होत नाही.

एका पॉलिसीत दोन विमे

दुचाकीच्या विम्याचे दोन भाग असतात.

पहिला थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई विमा कंपनी देते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीच्या पॉलिसीत साधारणपणे 1 लाखाची मर्यादा असते.

दुसरा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा विमा. चोरी, आग, पूर, अपघात यांत आपल्या गाडीचं झालेलं नुकसान यातून मिळतं. हा ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र घेतले की त्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात. बोलीभाषेत हाच ‘फुल इन्शुरन्स’.

याशिवाय गाडीच्या मालकाकडे स्वतःचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असावा लागतो. त्याचा हप्ता वेगळा असतो आणि कंपनीनुसार बदलतो.

थर्ड पार्टीचे दर कोण ठरवतं?

हे दर विमा कंपनी किंवा एजंट ठरवत नाही. केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ते जाहीर करतं. 1 जून 2022 पासून लागू झालेले पेट्रोल दुचाकींचे वार्षिक दर असे आहेत :

- 75 सीसीपर्यंत : 538 रुपये
- 75 ते 150 सीसी : 714 रुपये
- 150 ते 350 सीसी : 1,366 रुपये
- 350 सीसीच्या वर : 2,804 रुपये

यावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे स्प्लेंडर, पॅशन, पल्सर 150 यांसारख्या गाड्यांना 714 अधिक जीएसटी मिळून 843 रुपये. बुलेट 350 आणि युनिकॉर्न 160 तिसऱ्या गटात मोडतात, त्यांना 1,612 रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला गेला, त्यावरून ‘विम्यावर आता जीएसटी नाही’ असे मेसेज फिरले. मोटार विम्याला ती सूट नाही, 18 टक्के कायम आहेत.

या यादीत गाडीचं वय कुठेच नाही. शोरूममधून आज निघालेली 100 सीसीची गाडी आणि 2008 ची हिरो होंडा एकाच गटात येतात. मुंबई आणि मोहाडी असाही भेद नाही. 2019 मध्ये 75 ते 150 सीसी गटाचा दर 752 रुपये होता, तो 2022 मध्ये 714 वर आला. म्हणजे सर्वाधिक गाड्या ज्या गटात आहेत, तिथे दर थोडा उतरलाच आहे.

मग जुन्या गाडीलाच तो जड का जातो?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, प्रमाण. 90 हजारांच्या नव्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी खर्च गाडीच्या किमतीच्या सुमारे 1 टक्का भरतो. 15 हजारांच्या गाडीसाठी 843 रुपये म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त. रक्कम जवळपास तीच, पण गाडी स्वस्त झाल्यामुळे ती डोळ्यांत भरते.

दुसरं, नव्या गाडीच्या वेळी हा खर्च दिसत नाही. सुप्रीम कोर्टाच्या जुलै 2018 च्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. 75 ते 150 सीसीसाठी ही रक्कम 3,851 रुपये अधिक जीएसटी आहे. ऑन रोड किमतीत किंवा कर्जाच्या हप्त्यात ती मिसळून जाते. पाच वर्षं काही भरावं लागत नाही आणि सहाव्या वर्षी अचानक मागणी येते, म्हणून ‘गाडी जुनी झाल्यावर विमा लागला’ असं वाटतं. हिशेब केला तर नव्या गाडीचा मालक वर्षाला 770 रुपये भरत असतो, म्हणजे 714 पेक्षा जास्तच.

तिसरं, पॅकेज पॉलिसीत पैसे भरून हाती येणारी रक्कम घटते. गाडीची विम्यातली किंमत म्हणजे आयडीव्ही दरवर्षी उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा लागतो आणि त्यानंतरची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. गाडी दहा वर्षांहून जुनी असेल, तर नवा पार्ट टाकताना धातूच्या भागांचे 50 टक्केच मिळतात. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांचे तर वय काहीही असलं तरी निम्मेच. समजा दुरुस्तीचं बिल 6,000 रुपये झालं, त्यात पार्ट 4,800 चे आणि मजुरी 1,200 ची. तर हाती साधारण 3,600 रुपये येतात आणि त्यातूनही सक्तीची वजावट जाते.

वय वाढलं की ओन डॅमेजचा दर किती वाढतो?

फारसा नाही. 2002 च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात देशाचे दोन विभाग होते. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं पहिल्या विभागात, भंडाऱ्यासह उरलेला देश दुसऱ्यात. दुसऱ्या विभागात 150 सीसीपर्यंतच्या पाच वर्षांच्या आतल्या गाडीला आयडीव्हीच्या 1.676 टक्के आणि दहा वर्षांवरच्या गाडीला 1.802 टक्के दर होता. 2007 पासून कंपन्यांना स्वतःचे दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण अंदाज घ्यायला हे आकडे उपयोगी आहेत.

या दराने 80 हजार आयडीव्हीच्या नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता 1,341 रुपये होतो, तर 15 हजार आयडीव्हीच्या जुन्या गाडीचा 270 रुपये. म्हणजे गाडीसाठीचा विमा जुनेपणाबरोबर खरोखर स्वस्त होतो. न हलणारा भाग फक्त थर्ड पार्टीचा.

843 रुपयांत नेमकं काय मिळतं?

भंडारा, लाखनी आणि साकोली या तिन्ही गावांवरून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, सायकली आणि पायी चालणारी माणसं, सगळ्यांचा वावर त्याच रस्त्यावर. अशा रस्त्यावर एखाद्या दुचाकीच्या धडकेत 35 वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाला, असं उदाहरण घेऊ. त्याची कमाई महिना 10,000 रुपये, घरात बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई.

त्याचं कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, तर सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांमधल्या पद्धतीने हिशेब होतो :

- वर्षाची कमाई : 1,20,000 रुपये
- वय 40 च्या आत आणि ठरावीक पगाराची किंवा स्वतंत्र कमाई, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून : 1,68,000
- चार जण अवलंबून, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा : 1,26,000
- 31 ते 35 वयासाठी गुणक 16 : 20,16,000 रुपये

यात अंत्यविधी, सहवासाचं नुकसान अशा ठरावीक रकमा आणि व्याज वेगळं.

विमा चालू असेल तर हे वीस लाख कंपनी देते. नसेल तर गाडीच्या मालकाला द्यावे लागतात. तो देऊ शकला नाही तर वसुलीसाठी त्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. 15 हजारांच्या गाडीपायी शेती जाण्याचा प्रसंग असा येतो. दुसऱ्या बाजूला मजुराचं कुटुंबही अडकतं, कारण निकाल हातात असूनही मालकाकडे पैसेच नसतील तर भरपाई कागदावर राहते. वर्षाला 843 रुपये या दराने वीस लाख जमवायचे म्हटले तर जवळपास 2,400 वर्षं लागतील. दिवसाचा हिशेब केला तर हा खर्च अडीच रुपयेही नाही.

विना विमा गाडी चालवताना पकडलं गेलं, तर कलम 196 नुसार पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड 4,000 रुपये. एकाच चलानात दोन वर्षांहून जास्त काळाचा हप्ता जातो. तरीही दंड हा या प्रकरणातला छोटा धोका आहे.

मागे बसलेल्या माणसाचं काय?

जुन्या गाडीवर पैसे वाचवायचे म्हणून बहुतेक जण पॅकेज सोडून फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. त्यात एक गोष्ट निसटते. सुप्रीम कोर्टाने 2006 च्या तिलक सिंग प्रकरणात सांगितलं, की केवळ कायद्याने सक्तीची पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पॅकेज पॉलिसीत मात्र मागे बसणारी व्यक्ती धरलेली असते, असं विमा नियामकाने 2009 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं.

गावाकडे मोटारसायकलवर एकटा माणूस क्वचितच असतो. मागे बायको, आई, शेजारी किंवा दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस असतो. शेजाऱ्याला गाडीवर घेतलं आणि चालवणाऱ्याच्या चुकीने तो दगावला, तर फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या मालकाला भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागू शकते.

वरच्या उदाहरणातला हिशेब इथे कामाला येतो. 714 अधिक 270, त्यावर जीएसटी, म्हणजे पॅकेजसाठी सुमारे 1,161 रुपये. फक्त थर्ड पार्टीपेक्षा 318 रुपये जास्त. प्रत्यक्ष आकडा कंपनीप्रमाणे बदलेल आणि खूप जुन्या गाडीला काही कंपन्या पॅकेज देत नाहीत, पण विचारून पाहावं असा हा फरक आहे. पॅकेज मिळत नसेल तर मागे बसणाऱ्यासाठी वैयक्तिक अपघात संरक्षण जोडता येतं का, हे विचारावं.

गाडी विकली, पण नावावर केली नाही

जुन्या मोटारसायकली अनेकदा ओळखीत विकल्या जातात. पैसे हाती आले, आरसी बुक दिलं, फार तर स्टॅम्प पेपरवर सही झाली. परिवहन कार्यालयात फॉर्म 29 आणि 30 देऊन नाव बदलण्याचं राहून जातं. गाडी पुढे तिसऱ्या, चौथ्या हातात जाते आणि विमा कुणीच भरत नाही.

सुप्रीम कोर्टाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात याचं उत्तर दिलं. तिथे एक कार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याची, असा निकाल लागला. पाच वर्षांपूर्वी ‘विकलेली’ एमएच-36 क्रमांकाची गाडी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत अजून आपल्याच नावावर असेल, तर तिच्या अपघाताची नोटीसही आपल्याच दारात येऊ शकते. नवा मालक विमा भरतो की नाही, यावर तेव्हा आपला काहीच ताबा नसतो.

पंधरा वर्षांनंतरचा खर्च

जुन्या गाडीवरचा खरा मोठा खर्च विम्याचा नसून पुनर्नोंदणीचा आहे. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांपुरती असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते.

- नोंदणी नूतनीकरण शुल्क : 1 एप्रिल 2022 पासून 1,000 रुपये. 20 वर्षांहून जुन्या मोटारसायकलसाठी ऑगस्ट 2025 पासून 2,000 रुपये
- उशीर झाल्यास : महिन्याला 300 रुपये
- पर्यावरण कर : महाराष्ट्रात 2010 पासून लागू झालेल्या दराने दुचाकीला पाच वर्षांसाठी 2,000 रुपये
- 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट : 450 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 531, एकदाच

विम्याचे 843 धरले तर त्या एका वर्षात चार हजारांहून जास्त खर्च होतो. तो टाळण्याच्या नादात अनेकांची नोंदणीच संपते. मग विमा असूनही अडचण येते. नोंदणी वैध नसलेल्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनीने नाकारणं योग्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2014 च्या नरिंदर सिंग प्रकरणात म्हटलं. म्हणून पंधरावं वर्ष जवळ आलं की आधी आरसीवरची तारीख पाहावी, मग पॅकेज घ्यायचं की नाही ते ठरवावं.

पैसे कुठे वाचवता येतात?

- एकाच व्यक्तीच्या दोन गाड्या असतील, तर 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा एकदाच पुरतो. आधीपासून तेवढ्या रकमेचा अपघात विमा असेल तरीही दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. मात्र 20 रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेतून किंवा गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूनंतर 2 लाख मिळतात, त्यावर ही सूट मिळत नाही.
- पॅकेज पॉलिसीत दावा न केल्यास सवलत मिळते. ती पहिल्या वर्षी 20 टक्के असते आणि 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाते, पण ती ओन डॅमेजवरच. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की साठलेली सवलत जाते.
- ओन डॅमेजचे दर कंपनीनुसार वेगळे असतात. दोन-तीन ठिकाणी विचारल्यास फरक दिसतो. थर्ड पार्टीत घासाघीस करण्यात अर्थ नाही.

कुठे सावध राहावं?

थर्ड पार्टीचा दर ठरलेला असल्यामुळे बनावट पॉलिसी ओळखणं सोपं जातं. 100 सीसीच्या पेट्रोल गाडीचा वर्षाचा विमा कुणी चारशे-पाचशे रुपयांत ‘करून देतो’ म्हणत असेल, तर तो कागद बनावट असण्याची दाट शक्यता आहे. किंवा गाडीची माहितीच खोटी भरलेली असते. पॉलिसीवरचा गाडी क्रमांक, इंजिन आणि चेसिस क्रमांक, सीसी आणि वाहनाचा प्रकार आरसीशी जुळवून पाहावा. एम-परिवहन अॅपवर गाडीच्या विम्याची मुदतही दिसते.

2018 नंतर घेतलेल्या गाड्यांच्या मालकांनी पाच वर्षांची मुदत कधी संपते ते आजच पाहावं. 2020 च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 2025 च्या दिवाळीत संपला आहे.

गाडी घरातल्या अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर विमा भरूनही निश्चिंत राहता येत नाही. स्वर्ण सिंग (2004) निकालानंतर परवाना नसलेल्या चालकाच्या अपघातात न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला सांगू शकतं आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं. शिवाय कलम 199-अ नुसार पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

थोडक्यात

थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या वयाने वाढत नाही आणि तिच्या किमतीने उतरतही नाही. जुन्या गाडीच्या मालकाला निर्णय घ्यायचा असतो तो पॅकेजबद्दल. घरातली चार माणसं त्या गाडीवर बसत असतील, तर तिकडच्या तीनशे रुपयांचा विचार गाडीच्या किमतीकडे पाहून करू नये. मागच्या सीटवर कोण बसतं, ते पाहून करावा.